साठ पटींचा मोह

झाडावरचे पक्षी बायनॉक्युलरमध्ये भागतात. हळद्या, तांबट, अगदी वडाच्या शेंड्यावर बसलेला धनेशसुद्धा ८x४२ च्या बायनोत नीट ओळखू येतो. पंचाईत होते ती पाण्याकाठी. जानेवारीत उजनीच्या फुगवट्यावर उभे राहिलात की समोर पाणी, पाण्यापलीकडे गाळाची एक पट्टी आणि त्या पट्टीवर शे-दोनशे करड्या ठिपक्यांची लगबग दिसते. बायनो लावली तर ठिपके जरा मोठे होतात, इतकंच. त्यातले चिखले किती, तुतवार किती, टिलवे किती हे सांगणं अवघड. मग गटातलं कुणीतरी ट्रायपॉडवर स्कोप लावतं, आळीपाळीने सगळे डोकावतात, आणि ठिपक्यांना चोच, पाय, भुवई फुटते. त्या दिवशी घरी परतताना अर्ध्या गटाच्या डोक्यात एकच आकडेमोड चालू असते: असला स्कोप आपल्याला परवडेल का?

घरी येऊन शोधायला बसलं की दोन टोकं दिसतात. एकीकडे स्वारोव्स्की, झाइस, कोवा यांचे लाखांच्या घरातले स्कोप. दुसरीकडे पाच-सहा हजारांत ‘२०-६०x६०, एचडी, चंद्रावरचे खड्डे स्पष्ट’ असं छातीठोकपणे सांगणारी जाहिरात, सोबत बॅग, मोबाइलचा क्लॅम्प आणि वीतभर उंचीचा ट्रायपॉड फुकट. पैसे बुडतात ते बहुतेक या दुसऱ्या टोकाला, आणि त्यातला ‘६०’ हा आकडा त्याचं मुख्य कारण असतो. बेतात स्कोप घ्यायचा तर सगळ्यात आधी त्या आकड्यावरचा विश्वास सोडायला हवा.

२०-६०x६० मधला पहिला भाग आयपीसचा, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाचा. झूम फिरवून प्रतिमा वीसपासून साठ पटींपर्यंत मोठी करता येते. ‘x’ नंतरचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पुढच्या भिंगाला आकाशातून, पाण्यावरून जेवढा उजेड मिळतो तेवढाच आत येतो, आणि पट वाढवली की तोच उजेड जास्त जागेवर पसरतो. वीस पटींवरून साठ पटींवर गेलात की प्रतिमेची लांबी-रुंदी तिप्पट होते, क्षेत्रफळ नऊपट, म्हणजे उजेड एक नवमांश. भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की आयपीसमागे पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ६० भागिले २० म्हणजे ३ मिमी. भर दिवसा आपली बाहुली साधारण २ ते ३ मिमी उघडी असते, त्यामुळे हे वर्तुळ तिला पुरतं. साठ पटींवर ते अवघं १ मिमी उरतं. दृश्य मळकट होतं, डोळा केसभर हलला की काळोख, आणि एरवी न जाणवणारे डोळ्यातले तरंगते धागे मधेच पोहू लागतात. तुमच्या ८x४२ च्या बायनोत हेच वर्तुळ सव्वापाच मिमीचं असतं. बायनोतून स्कोपकडे वळलेल्या माणसाला पहिल्यांदा अंधारल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

बरं, उजेडाशी तडजोड केली तरी साठ पटींवर तपशील वाढतो का? प्रकाश लहरींनी बनलेला असल्याने कुठल्याही भिंगाला त्याच्या व्यासानुसार एक मर्यादा असते. ६० मिमीचं भिंग कितीही उत्तम असलं तरी सुमारे २ विकलांपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवू शकत नाही. अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला. निरोगी डोळ्याची ताकद साधारण एक कला, म्हणजे ६० विकला. साठाला दोनाने भागा: तीस. ६० मिमीच्या स्कोपमध्ये जे काही दिसण्यासारखं आहे ते तीस पटींच्या आसपास डोळ्यासमोर आलेलं असतं. त्यापुढे झूम फिरवणं म्हणजे वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरण्यासारखं आहे. फोटो मोठा होतो, त्यात नवीन काही सापडत नाही. ८० मिमीच्या भिंगाला हीच सीमा चाळिशीच्या जवळ येते. म्हणून व्यासाचा निम्मा आकडा ही कामाची पट समजावी. थोडं पुढे गेलं तर डोळ्याला सोपं जातं, पण तिथवरच.

हाच हिशेब शेतात उतरवला तर उपयोगी पडतो. दोन विकला म्हणजे १०० मीटरवर साधारण १ मिमी आणि ५०० मीटरवर ५ मिमी. अंतराच्या मीटरांना शंभराने भागा, तेवढ्या मिलिमीटरचा तपशील ६० मिमीच्या निर्दोष स्कोपला स्वच्छ हवेत दिसू शकतो. स्वस्त काचेला निर्दोष म्हणता येणार नाही, म्हणून याच्या दुप्पट धरा. आता छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा घ्या. दोघेही चिमणीएवढे, दोघेही करडे, दोघेही गाळात चोच खुपसत पळणारे. ओळखायची सोपी खूण पायाच्या रंगात: छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळट-हिरवट. त्या पायाची जाडी आगकाडीइतकीही नाही. शंभर मीटरवर चांगला स्कोप हा रंग सांगतो. तीनशे मीटरवर सांगत नाही, आणि पायाला चिखल लागलेला असेल तर लाखभराचा स्कोपसुद्धा सांगत नाही. उलट मोठ्या खुणा दूरवरही साधतात. मंगोलियात संशोधकांनी गळ्यात क्रमांकाचा पट्टा घातलेले पट्टकादंब भारतातल्या तलावांवर नोंदले गेले आहेत. तसला पट्टा दोन-अडीचशे मीटरवरून वाचून काढणं बायनोच्या आवाक्याबाहेरचं आहे, साध्याशा स्कोपच्या मात्र आवाक्यातलं.

तिसरी अडचण हवेची. सकाळी नऊ-दहानंतर गाळ, वाळू, बांधावरचे दगड तापतात, त्यांच्यालगतची हवा गरम होऊन वर चढते, आणि गरम-थंड हवेचा अपवर्तनांक वेगळा असल्याने त्यातून येणारा प्रकाश सतत वाकडातिकडा होतो. स्कोप जितका मोठं करून दाखवेल तितकी ही थरथरही मोठी होते. अकरा वाजता साठ पटींवर पाहिलेला पाणटिवळा पाण्याखाली उभा असल्यासारखा डुलतो. यावर पैशाचा इलाज नाही. पट कमी करा, नाहीतर चहा प्यायला जा.

एवढं कळलं की खरेदीचा सगळा रोख बदलतो. स्कोप वीस ते तीस पटींवर कसा दिसतो, हा एकच प्रश्न महत्त्वाचा. साठ पटींवर तो वाईट दिसणारच आहे. १५-४५x लिहिलेला ६० किंवा ६५ मिमीचा स्कोप २५-७५x लिहिलेल्या तेवढ्याच स्कोपपेक्षा बहुधा जास्त उपयोगी ठरतो, कारण त्याची सुरुवात कमी पटीतून होते आणि पक्षी शोधताना दृश्याची रुंदी लागते. वीस पटींवर स्वस्त झूम स्कोपला १००० मीटरवर पस्तीस-चाळीस मीटर रुंदीचं दृश्य मिळतं, साठवर सतरा-अठरा. आठ पटींच्या बायनोला साधारण १३० मिळतं. आता कळेल की नवखा माणूस स्कोप लावून ‘कुठंय? मला दिसत नाहीये’ का म्हणत बसतो.

काचेबद्दल दोन गोष्टी. एक, कोटिंग. हवा आणि काच जिथे भेटतात त्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये असे डझनभर पृष्ठभाग सहज असतात, म्हणजे कोटिंग नसेल तर पलीकडे पोचतो तो जेमतेम ६१ टक्के. प्रत्येक पृष्ठभागावर चांगले बहुस्तरीय कोटिंग असेल तर नव्वदीच्या पुढे. म्हणून ‘फुली मल्टिकोटेड’ हे शब्द बघून घ्या. नुसतं ‘कोटेड’ लिहिलेलं असेल तर एखाद्याच भिंगाला झिलई दिलेली असू शकते. लाल-केशरी चकाकणारं भिंग दिसायला भारी वाटतं, पण जो रंग आपल्याकडे परत येतोय तो आत गेलेला नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. दुसरी गोष्ट ईडी काच. साध्या भिंगातून वेगवेगळे रंग एकाच जागी एकवटत नाहीत आणि पांढऱ्या आभाळासमोरच्या काळ्या पक्ष्याला जांभळी-हिरवी किनार येते. ईडी काच ही किनार बरीच कमी करते, पण किंमत वाढवते. बजेट फार ताणलेलं असेल तर ईडी सोडायला हरकत नाही, कारण वीस-तीस पटींवर किनार सोसते. आतल्या प्रिझमची काच बाक-४ जातीची की बीके-७ जातीची, यावर मात्र लोक विनाकारण रात्री जागवतात.

ट्रायपॉडवर मात्र जागरण करावं, कारण बहुतेकांचा स्कोप तिथेच वाया जातो. तीस पटींचा स्कोप हाताचा, वाऱ्याचा, शेजारून चालणाऱ्या मित्राचा प्रत्येक हादरा तीस पट करून दाखवतो. सोबत फुकट मिळालेला वीतभर ट्रायपॉड टेबलावर ठेवायलाही डळमळतो, आणि मोबाइलचे व्हिडिओ काढायचे हलके ट्रायपॉड समुद्राच्या वाऱ्यावर थरथरतात. स्कोपला पंधरा हजार आणि ट्रायपॉडला हजार, ही वाटणी उलटी आहे. दहा हजारांचा स्कोप पाच हजारांच्या दणकट ट्रायपॉडवर त्याहून चांगला दिसतो. नवा घेणं जड जात असेल तर लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे चौकशी करा. हलके कॅमेरे आणि गिंबल आल्यापासून त्यांच्याकडचे जुने व्हिडिओ ट्रायपॉड पडून असतात, आणि दांडी धरून सावकाश फिरवता येणारं व्हिडिओ हेड स्कोपला अगदी हवं तसं असतं. फोटोवाल्यांचं बॉल हेड टाळा. सैल केलं की स्कोप नाकावर आपटतो. मधला दांडा वर काढू नका, पाय पसरून उंची घ्या आणि खाली पाण्याची बाटली घातलेला झोळा लटकवा. इथेच तिरक्या आयपीसचा फायदाही कळतो. ४५ अंशांच्या आयपीसमध्ये वाकून बघता येतं, त्यामुळे ट्रायपॉड बुटका ठेवता येतो, बुटका म्हणून स्थिर राहतो, आणि सहा फुटी काका व तिसरीतली मुलगी दोघांनाही एकाच उंचीवर पाहता येतं. सरळ स्कोप पक्ष्यावर रोखायला सोपा असतो, पण गटात फिरणाऱ्याने तिरकाच घ्यावा.

शक्य असेल तर दुकानात हाताळून घ्या. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजाराच्या आसपास कॅमेऱ्याची दुकानं आहेत. इतर शहरांतही दुर्बिणी ठेवणारं एखादं दुकान असतंच. दुकानदार काउंटरवरून समोरची पाटी दाखवेल. त्यावर समाधान मानू नका, स्कोप दारात आणून रस्त्याच्या टोकाकडे रोखा. वीस पटींवर तारेवरचा कावळा शोधा. फोकस फिरवताना एक क्षण असा यायला हवा की ‘बस, हेच’. त्याच्या अलीकडे-पलीकडे किंचित फिरवलं तरी चित्र बिघडलं पाहिजे. नॉब पुढे-मागे करूनही नेमकं कुठे थांबायचं ते कळत नसेल, तर दोष तुमच्या डोळ्यात नाही, काचेत आहे. मग हळूहळू झूम वाढवा आणि चित्र कितीवर ढेपाळतं ते बघा. पंचविशीतच ढेपाळलं तर स्कोप परत करा. पस्तिशीपर्यंत टिकलं तर बेतातल्या स्कोपकडून यापेक्षा जास्त मागू नये.

आणखी एक चाचणी खिशातल्या पट्टीने होते. झूम सगळ्यात कमी पटीवर ठेवा, स्कोप उजळ आभाळाकडे करा (सूर्याकडे चुकूनही नको, डोळा कायमचा जाऊ शकतो) आणि आयपीसपासून फूटभर मागून बघा. काळ्या चौकटीत प्रकाशाचं एक पांढरं वर्तुळ तरंगताना दिसेल. पट्टी आयपीसला टेकवून त्याचा व्यास मोजा. २०-६०x६० च्या स्कोपला तो ३ मिमी यायला हवा. सव्वादोनच आला तर २० गुणिले सव्वादोन, म्हणजे भिंग ६० चं दिसत असलं तरी आतल्या कुठल्यातरी कड्याने ते ४५ मिमीवर आणून ठेवलंय, नाहीतर पटीचा आकडा खोटा आहे. दोन्ही प्रकार स्वस्त मालात आढळतात. या मोजणीत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो हे मान्य. पण तीनच्या जागी दोन दिसले तर दुकानदाराशी बोलायला एवढं पुरे.

चष्मा लावणाऱ्यांनी चष्मा लावूनच पाहावं. डोळा आयपीसपासून किती लांब ठेवला तरी पूर्ण दृश्य दिसतं, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात, आणि चष्म्यासह ते १५ मिमीच्या आसपास लागतं. स्वस्त झूम आयपीसमध्ये ते पट वाढवताना बदलतं, त्यामुळे कागदावरच्या आकड्यापेक्षा आपला चष्मा खरा. ऑनलाइन मागवणार असाल तर परत घेण्याची मुदत किती दिवसांची आहे ते आधी बघा आणि त्या मुदतीत वरच्या सगळ्या चाचण्या गच्चीवर उरका. परदेशी संकेतस्थळावरून मागवलात तर किमतीत सीमाशुल्क आणि कर धरा. पावती नसलेल्या मालाला वॉरंटी नाही, हे सांगायला नकोच.

किमतींचा ढोबळ अंदाज असा. पाच-सहा हजारांत ५०-६० मिमीचं जे मिळतं ते गच्चीवरून घारी बघायला ठीक. दहा ते पंधरा हजारांत ६०-६५ मिमीचा फुली मल्टिकोटेड, पाणीरोधक स्कोप मिळू लागतो, आणि पहिल्या स्कोपला हाच टप्पा योग्य. सेलेस्ट्रॉनच्या अल्टिमा मालिकेतला ६५ मिमीचा १८-५५x या जातीचा नमुना आहे. ८० मिमीचा स्कोप त्याच्यावर जातो. त्याचं भिंग साठच्या भिंगापेक्षा पावणेदोन पट उजेड घेतं, पण वजनही दीड किलोच्या आसपास नेतं आणि आणखी दणकट ट्रायपॉड मागतं. गाडीतून उतरून बांधावर उभं राहणाऱ्याला तो चालतो. एसटीने जाऊन तीन किलोमीटर चालणाऱ्याचा तो तिसऱ्या फेरीनंतर कपाटात राहतो. वजनाचा बाऊ असेल तर ५०-५६ मिमीचे छोटे ईडी स्कोपही आहेत, ९-२७x सारख्या कमी पटींचे. जाहिरातीत ते किरकोळ वाटतात आणि किनाऱ्यावर भल्याभल्यांना मागे टाकतात.

स्कोप कुठे वापरणार हेही पैसे देण्याआधी ठरवा. भिगवणला येणारे बहुतेक जण कुंभारगाव किंवा डिकसळहून नावेत बसतात, आणि नावेत स्कोपचा काडीचाही उपयोग नाही. नाव हलते, चित्र धावतं. ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीने रोहित बघायला जाणाऱ्यांचंही तसंच. तिथे बायनोच बरी. स्कोप कामाला येतो तो नांदूर मधमेश्वरच्या मनोऱ्यांवर, धरणांच्या भिंतींवर, गोव्यात करमळीच्या तळ्याकाठी आणि समुद्रकिनाऱ्यावर. गाडीतूनच बघणार असाल तर इंजिन बंद करा आणि तांदूळ किंवा मूग भरलेली कापडी पिशवी खिडकीच्या काचेवर ठेवून तिच्यात स्कोप रुतवा; जवळपास ट्रायपॉडइतका स्थिर राहतो.

किनाऱ्यावर आणखी एक साधन कामाला येतं, आणि ते फुकट आहे. ओहोटीला पक्षी पाण्याच्या कडेने दूर गाळात पांगलेले असतात. भरती चढू लागली की पाणीच त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, त्रयोदशीला पावणेदहा. ढोबळ आहे, पण चालतं. हिवाळ्यात शुद्ध किंवा वद्य एकादशी ते त्रयोदशी धरून भरतीच्या दोन तास आधी अलिबागजवळच्या आक्षीला किंवा गोव्यातल्या मोरजीला पोचलात, तर हवा तापलेली नसते, पक्षी जवळ सरकत असतात, आणि किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळचा सूर्य तुमच्या पाठीशी असतो. कुरव, सुरय, चिखले यांच्या पिसांचे खरे रंग तेव्हा दिसतात. शिवडीला गणित उलटं: तिथली खाडी पूर्वेला, सकाळी सूर्य थेट भिंगात. तिथे दुपारनंतरची भरती धरावी आणि हवेची थरथर सोसावी. भरतीने तीनशे मीटरवरचा थवा शंभरावर आणला, तर स्कोपची ताकद बसल्या जागी तिप्पट झाली.

मोबाइल लावून फोटो काढायचे तर जमेल तितक्या कमी पटीवर काढा आणि बटण बोटाने न दाबता टायमर लावा. फोटो भिंतीवर टांगण्यालायक येणार नाहीत. पण पायाचा रंग किंवा गळ्यातल्या पट्ट्यावरचा आकडा नोंदीपुरता मिळाला तरी पुष्कळ.

आता ज्यांना दहा हजारही जास्त वाटतात त्यांच्यासाठी. आहे त्या १०x४२ किंवा १०x५० च्या बायनोला पाच-सातशेचा ट्रायपॉड अडॅप्टर लावून बघा. बहुतेक बायनोंच्या मधल्या बिजागरीवर पुढे एक टोपण असतं, ते फिरवलं की आत स्क्रूचे आटे सापडतात. हात थरथरायचा थांबला की दहा पटींत काय काय दिसतं याचं आश्चर्य वाटेल. किंवा चौघांनी मिळून एक ८० मिमीचा घ्या. पक्षीनिरीक्षक तसेही गटानेच जातात, आणि एका वेळी एकच जण आयपीसला डोळा लावू शकतो. फक्त पावसाळ्यात तो कोणाच्या घरी राहणार हे आधीच ठरवा.

कारण कोकण-मुंबईच्या हवेत स्कोपला खरा धोका बुरशीचा असतो. जून ते सप्टेंबर बॅगेत बंद राहिलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, तिने कोटिंग खाल्लं की ते परत येत नाही. नायट्रोजन भरलेला, पाणीरोधक स्कोप आतून बराचसा वाचतो. बाहेरचं भिंग आणि आयपीस तुमच्या भरवशावर. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात दोन-तीन पुड्या सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की पुड्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून परत डब्यात. कापडी बॅग मात्र डब्यात घालू नका, ओल तीच धरून ठेवते. आणि ऊन पडलेल्या दिवशी स्कोप बाहेर काढून गच्चीवर तासभर वापरा. पावसाळ्यात गच्चीवरून सुगरणींची वसाहत दिसत असेल तर त्यासाठी वेगळं निमित्तही लागत नाही.